नकोचा अनुवाद

माणसं इतकी गोड नसतात, हे वैजू तारीला पक्कं ठाऊक होतं. सख्खी मावशीसुद्धा पाहुण्याला चौथ्या दिवशी कपाळावरची आठी दाखवते. आणि ही तोरुन, जिच्याशी आपलं ना नातं ना गोतं, ती रोज सकाळी म्हणते काय, तर ‘वैजयंतीताई, झोप छान लागली ना? हे घर आपलंच आहे, बरं का!’ तेही बातम्या देणाऱ्या बाईसारख्या घोटीव मराठीत. कुठेतरी पाणी मुरत होतं.

मराठी अर्थात तोरुनचं नव्हतं, बटणाचं होतं. नॉर्वेच्या विमानतळावर उतरल्या उतरल्या वैजू आणि तिचा नवरा उल्हास, दोघांच्या कानामागे तुरीच्या दाण्याएवढं एकेक बटण चिकटवलं गेलं. यजमानांच्या कानामागेही तसंच होतं. समोरचा परक्या भाषेत बोलू लागला की बटण त्याच्या आवाजाच्या लहरींवर बरोब्बर उलट्या लहरी सोडायचं. जिथे शिखर असेल तिथे दरी, दरी असेल तिथे शिखर; दोन्ही एकमेकींना पुसून टाकत आणि मूळ आवाज कानात पोचतच नसे. त्या रिकाम्या जागेत बटण तुमची भाषा भरायचं, आणि तीही बोलणाऱ्याच्याच आवाजात, फक्त घोटून गोड केलेल्या. म्हणजे तोरुनच्या कानात वैजू खुद्द स्वतःच्या आवाजात फर्डं नॉर्वेजियन बोलत होती. ती काय बोलते हे सगळ्या घराला कळायचं, फक्त वैजूला सोडून.

ही गोष्ट तिला पहिल्या दिवसापासून टोचत होती. आपल्या तोंडून काय जातंय हे आपल्यालाच माहीत नसावं, हा कुठला न्याय?

पण तक्रार कुणाकडे करणार? मालवणच्या खालच्या अंगाला देवखार नावाचं त्यांचं गाव होतं, ते दोन पावसाळ्यांत समुद्राने गिळलं. त्याआधीच्या वादळात वैजूचा बाप आणि थोरला भाऊ एकाच होडीत गेले. होडीची एक फळी तेवढी किनाऱ्याला लागली. कुडाळजवळच्या छावणीत तिचं उल्हासशी लग्न झालं, तेव्हा तिने एकच अट घातली होती: पुन्हा दर्यावर जायचं नाही. उल्हास हाडाचा तांडेल, बापजाद्यांपासून होडी हाकणारा. तरी त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवून शब्द दिला. मग यजमान योजनेत दोघांचं नाव लागलं. इथल्या एका कुटुंबाने दोन वर्षं त्यांची हमी घ्यायची, घर, जेवण, भाषा, काम सगळं बघायचं. आणि यजमानांचं मन उडालं तर पाहुण्यांनी मुकाट्याने छावणीत परत जायचं. त्यांच्या वाट्याला आली तोरुन, निवृत्त शाळामास्तरीण, आणि तिचा नवरा आयलिफ. आयलिफ जहाजावरच्या इंजिनांची दुरुस्ती करायचा, आता गुडघ्यांनी जेरीला आलेला. उत्तरेच्या एका फियॉर्डच्या, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या चिंचोळ्या खाडीच्या काठावर, धक्क्याच्या अगदी वर, त्यांचं लाल लाकडी घर होतं.

पहिल्या आठवड्यात वैजूला वाटलं, देवाने आपल्याला मालवणातल्याच घरात आणून टाकलंय. तोरुनकाकी भांडं पुढे करून विचारायची, “अजून एक वॅफल घेणार?” वैजू रीतीप्रमाणे म्हणायची, “नको नको, पोट भरला.” आणि ते जाळीदार गोड धिरडं ताटात पडायचं. बटाटे नको म्हटलं की बटाटे पडायचे. तपकिरी रंगाचं ते गोडसर चीज नको म्हटलं की त्याचा जाडजूड काप पडायचा. आग्रह करणारी माणसं आहेत म्हणून ती सुखावली.

मग एके दिवशी तिच्या लक्षात आलं, की काकी आग्रह करतच नाही. ‘अगो घे गो’ नाही, ‘माझी शपथ’ नाही, ‘एवढ्याशाने काय होतंय’ नाही. एकदा विचारते, हसते आणि वाढते. आयलिफकाकाने मात्र मान हलवली की भांडं लगेच मागे घेते. म्हणजे नवऱ्याने नको म्हटल्यावर नको, आणि आपण नको म्हटल्यावर वाढ? आपल्यालाच का खायला घालायचंय एवढं?

संशयाला एकदा वाट मिळाली की तो घरभर फिरतो. छावणीत ऐकलेल्या गोष्टी वैजूला आठवू लागल्या. कुठल्याशा यजमानांनी म्हणे पाहुण्यांतल्या बायकोला घरकामाला ठेवून घेतलं आणि नवऱ्याला कुठे लांब धाडून दिलं. खरं-खोटं कोण जाणे. त्यात यजमान नवरा-बायको आपसात बोलू लागले की बटण गप्प बसायचं. जे बोलणं तुम्हाला उद्देशून नाही त्याचा अनुवाद करायचा नाही, असा तिथला कायदा होता. तोरुन आणि आयलिफ सिंकपाशी उभे राहून हळू आवाजात काहीतरी बोलायचे, मधूनच वैजूकडे बघायचे आणि तिने बघितलं की भांडी विसळायला लागायचे.

“तुका नाय वाटणा, ही माणसां काय तरी लपयतत म्हणान?” तिने उल्हासला विचारलं.

“तुका सगळीकडे भूताच दिसतत,” तो म्हणाला. “खावक घालतत, ऱ्हवाक देतत. आणखी काय व्हया?”

एका संध्याकाळी जेवताना तोरुनने काटा-सुरी खाली ठेवली. समोर आयलिफ, शेजारी उल्हास माशाचे काटे काढत बसलेला. बटण वैजूच्या कानात मधाळपणे म्हणालं, “वैजयंतीताई, समुद्रशेतीच्या जहाजावर उल्हासरावांसाठी एक जागा निघाली आहे. खोल पाण्यात दोरांवर शेवाळाची जंगलं वाढवतात, हवेतला कार्बन शोषून घेण्यासाठी. सहा महिने जहाजावरच राहावं लागेल. उल्हासरावांची तयारी दिसते. पण आधी आपलं मत हवं. त्यांनी जावं का?”

वैजूने उचललेला घास परत ताटात ठेवला. एरवी ती ताट बाजूला सारून उठली असती. पण ज्यांच्या घरात खातो त्यांच्या तोंडावर ‘नाही म्हणजे नाही’ असं सांगायचं कसं? तिच्या आईने कधी उपकारकर्त्याला तसं सांगितलं नव्हतं, आजीने नव्हतं. ती नजर खाली घालून, होता होईल तेवढं हसून म्हणाली, “नको हो काकी. कशाक उगाच?”

तोरुनचा चेहरा उजळला. तिने टाळी वाजवली, उठून वैजूच्या खांद्यावर हात ठेवला. आयलिफने उल्हासची पाठ थोपटली. बाईला बरंच वाटलेलं दिसतंय आपण नाही म्हटल्याचं, असं वैजूला वाटलं आणि त्या संध्याकाळी पहिल्यांदाच तिने काकीबद्दल मनात चार बरे शब्द काढले.

दोनच दिवसांत एक मोठं खोकं आलं. आत नारिंगी पोशाख, गुडघ्यापर्यंतचे बूट, तरंगायचं जाकीट. जाकिटाच्या छातीवर उल्हासचं नाव शिवलेलं होतं.

वैजूने ते जाकीट उल्हासच्या अंगावर फेकलं. “ह्या काय?”

“शनवारी जहाज सुटता,” उल्हास खोक्याच्या दोऱ्या सोडवत म्हणाला. “मी सही केलंय.”

“सही केलंस? माझ्या डोक्यार हात ठेवलेलंस, तां इसारलंस?”

“तूच होय म्हटलंस ना? काकीन सांगल्यान माका. वैजयंती एकदम खुशीत होय म्हणाली, म्हणाली.”

“मी नको म्हटलंय! तुझ्या बाजूक बसान म्हटलंय!”

उल्हास पुन्हा दोऱ्यांकडे वळला. “माझ्या कानात काकीचाच बोलणा चालला होता. तुझा माका ऐकूकच नाय इला. ह्या बटणान आवाज दाबल्यान आसतलो. आता सही झाली, मागे फिराक येवचा नाय.”

ते तिला पटलं. बटण आवाज दाबतं हे तर तिलाही ठाऊक होतं. म्हणजे तोरुननेच खोटं सांगितलं. नको म्हटलेलं होय करून नवऱ्याच्या गळ्यात मारलं, सही घेतली, आणि आता शनिवारपासून या घरात आपण एकट्या. का खायला घालत होती बया, ते आता कळलं. वैजूच्या अंगाचा तिळपापड झाला. सांगायला गेलं तर आपलं बोलणंही त्याच बटणातून जाणार, आणि पलीकडे काय पोचेल याचा भरवसा उरला नव्हता. पुढचे दोन दिवस ती गप्प राहिली आणि काकीच्या हालचालींवर बारीक नजर ठेवून होती.

शनिवारी सकाळी उल्हास सामान चढवायला मदत करायला धक्क्यावर गेला. जहाज तासाभरात सुटणार होतं. वैजूला सकाळपासून काही खायची इच्छा नव्हती. तोरुन वॅफलची थाळी घेऊन आली.

“नको,” वैजू म्हणाली. वॅफल ताटात पडलं.

“नको म्हणतंय मी!” दुसरं पडलं, त्यावर जॅमसुद्धा.

“अगो बाय, नको, नको, नको!” तोरुनने डोळे विस्फारून थाळीतली उरलेली सगळी वॅफलं तिच्यापुढे सारली, आणि पीठ भिजवायला पुन्हा ओट्याकडे वळली.

वैजूने कानामागचं बटण उपटलं, टेबलावर आपटलं आणि ताटावर आडवा हात ठेवला. “नको,” ती म्हणाली.

तोरुन जागच्या जागी थिजली. आधी तिने त्या हाताकडे पाहिलं, मग वैजूच्या चेहऱ्याकडे. मग सावकाश स्वतःच्या कानामागचं बटण काढलं आणि काहीतरी बोलली. सिंकपाशीची कुजबुज सोडली तर तिचा खरा आवाज वैजूने तेव्हा पहिल्यांदा ऐकला. तो भरड होता, थोडा घोगरा, वर्गाला वर्षानुवर्षं गप्प करून बसलेला. त्यात मध औषधालाही नव्हता. आणि नवल म्हणजे वैजूला तो आवडला.

“नेइ?” तोरुनने वॅफलकडे बोट दाखवून विचारलं. काका-काकीचं आपसातलं बोलणं कानावर पडून ‘नेइ’ म्हणजे नाही आणि ‘या’ म्हणजे हो, एवढं वैजूला कळायला लागलं होतं.

“नेइ,” वैजू ठासून म्हणाली.

बाई मास्तरीण खरी. तिने एक गोष्ट केली, जी आजवर कुणालाच सुचली नव्हती. तिने स्वतःचं बटण वैजूच्या कानामागे लावलं आणि ‘बोल’ अशी खूण केली.

“नको,” वैजू म्हणाली.

आणि तिच्या कानात तिचाच आवाज आनंदाने म्हणाला, “या, तक्क!”

तिने पुन्हा म्हणून पाहिलं. पुन्हा तेच: या, तक्क. हो, आभारी आहे. ती खुर्चीत बसली ती बसलीच. एवढे दिवस कुणीतरी तिचा आवाज पांघरून या घरात वावरत होतं आणि प्रत्येक गोष्टीला हो म्हणत होतं.

तोरुनने बटण बनवणाऱ्या कंपनीच्या मदतकेंद्राला स्पीकरवर फोन लावला आणि तिथल्या मुलीला चार शब्द सुनावले. त्या मुलीने आधी दोन्ही बटणांतली ‘सौजन्य’ नावाची सोय बंद करायला लावली आणि मग दोघींना कानाला लावायला सांगितलं.

“बिघाड नाही हा,” मुलगी म्हणाली. सौजन्य बंद केल्यावर बटणाचं मराठीही एकदम सपक झालं होतं. “जुनी यंत्रं शब्दाला शब्द लावायची. आमचं यंत्र शब्द बघत नाही. शब्दानंतर माणूस काय करतो ते बघतं. आम्ही त्याला हजारो घरांतली जेवणं दाखवली. मराठी पाहुणा नको म्हणतो, यजमान वाढतो, पाहुणा ताट चाटूनपुसून साफ करतो. नको, आणि मग खाल्लं. पुन्हा नको, पुन्हा खाल्लं. यंत्राने त्यातून एवढंच उचललं, की हे लोक नको म्हणतात तेव्हा त्यांना हवं असतं. त्यात खाली घातलेली नजर आणि ‘कशाला उगाच’ असे शब्द असले, तर त्याची पूर्ण खात्री पटते.”

“पण मधे आग्रह आसता,” वैजू म्हणाली. “तीनदा विचारतत. खरोखरचा नको आसला तर तेवा कळता.”

“नॉर्वेजियन माणूस तीनदा विचारत नाही. एकदा नाही म्हटलं की विषय संपला. तुमचे लोक इथे येऊन उपाशी राहायला लागले होते. म्हणून यंत्राने मधली पायरी काढून टाकली.”

वैजूने कपाळावर हात मारला. तिकडे तोरुन खुर्चीत मटकन बसली होती.

“मला वाटलं, छावणीत तुझी उपासमार झाली,” ती म्हणाली. आता बटणातून ‘आपण’ आणि ‘ताई’ गायब झाले होते. “एवढीशी मुलगी, आणि किती खाते! मी आयलिफला रोज म्हणायचे, पीठ जास्त आण. आणि नवरा सहा महिने लांब जाणार म्हटल्यावर तू इतक्या आनंदाने हो म्हणालीस, की मला वेगळाच संशय आला. तो तुला मारतो की काय. म्हणून मी घाई केली त्याला पाठवायची.”

“उल्हास? माका मारता?” वैजूला हसू फुटलं आणि त्याच्याच मागोमाग रडूही. दोघी बाया एकमेकींबद्दल भलतंच समजून एका स्वयंपाकघरात वावरत होत्या. तिने बापाची गोष्ट सांगितली, भावाची, त्या फळीची, डोक्यावर ठेवलेल्या हाताची. तोरुनने सगळं ऐकलं आणि दुसरा फोन उचलला. “कप्तान माझा विद्यार्थी. मी एक फोन केला की करार रद्द. तू सांग फक्त.”

मदतकेंद्राची मुलगी अजून पहिल्या फोनवर होती. वैजूचा जीव इतका हलका झाला होता, की तिने सहज विचारलं, “उल्हासाकसुद्धा ह्या बटणामुळेच माझा बोलणा ऐकूक नाय इला ना?”

“तुम्ही दोघं मराठीच बोलता ना?”

“होय.”

“मग शक्य नाही. स्वतःच्या भाषेतला आवाज बटण कधीच दाबत नाही, कितीही जण एकदम बोलत असले तरी. घरात मूल रडलं, कुणी आग लागली म्हणून ओरडलं, तर ऐकू यायलाच हवं. शेजारी बसून कुणी मराठीत बोललं असेल तर त्यांनी ते ऐकलंच असणार.”

वैजूने आभार मानून फोन बंद केला. तोरुन काही विचारत होती, पण तिचं लक्ष नव्हतं. ती मनातल्या मनात त्या जेवणाच्या टेबलावर जाऊन आली. तिच्या कोपराला उल्हासचं कोपर लागत होतं, इतका तो जवळ होता.

थोड्या वेळाने उल्हास पिशवी न्यायला वर आला. नारिंगी पोशाखात तो उंच दिसत होता, आणि किती महिन्यांनी त्याच्या चालीत तांडेलाचा डौल आला होता.

“बटण काड,” ती म्हणाली.

“कित्याक?”

“काड म्हणतंय ना.”

त्याने काढलं. तिनेही काढलं. तोरुन हातात फोन धरून दाराशी उभी होती, तिच्या कानामागेही काही नव्हतं.

“त्या दिवशी मी नको म्हटलंय, तां तुका ऐकूक इलेला.”

उल्हासने पिशवीचा पट्टा उगाचच घट्ट केला, मग सैल केला. “ऐकलंय,” तो शेवटी म्हणाला. “माका वाटला, तोंडदेखला म्हणतंस. काकीसमोर एकदम होय कशी म्हणशीत? आणि मगे काकीच म्हणाली, वैजयंती होय म्हणाली. माका तां बरा वाटला, वैजू. खोटा कशाक सांगू?”

“यंत्राकपण असाच वाटला,” ती म्हणाली. “पण यंत्राक माझो बापूस कसो गेलो तां ठावक नाय. तुका ठावक आसा.”

तो खिडकीतून खाली धक्क्याकडे बघत राहिला. “हय मी पावणो आसंय गो,” तो म्हणाला. “बटाटे सोलतंय, बर्फ ओढतंय आणि उठान बसान उपकार मानतंय. थय मी तांडेल.”

“मगे तसा सांगूक व्हया होता. भांडलो असतो. कदाचित मीच पाठवलंय असतंय तुका. पण माझा नको तू ऐकलंस आणि गिळलंस.”

खाली जहाजाचा भोंगा वाजला. उल्हासने पिशवी खांद्याला लावली, पण पाय उचलला नाही. वैजू जवळ गेली. तिला त्या पिशवीला लोंबकळून रडावंसं वाटत होतं. समुद्राची भीती तसूभरही कमी झाली नव्हती.

“ऱ्हव,” ती म्हणाली.

त्याने नजर खाली घातली. थोडं हसला. “नको गो. कशाक उगाच? सहा म्हयन्यांचोच तर प्रश्न.”

आणि तो थांबला. तो कशासाठी थांबला हे वैजूला समजावून सांगायला कुठल्या यंत्राची गरज नव्हती. आता तिने म्हणायचं, असा काय करतंस, ऱ्हव ना. मग त्याने पुन्हा नको म्हणायचं. मग तिने पिशवी ओढून घ्यायची, शपथ घालायची, आणि मग त्याने एक सुस्कारा सोडून पिशवी खाली ठेवायची. म्हणजे राहिला तो तिच्या आग्रहाखातर, आणि पुढे जन्मभर तेच म्हणायला मोकळा. दुसरा ‘ऱ्हव’ तिच्या ओठांपर्यंत आला होता. तिने तो तिथेच अडवला.

तोरुनने फोन उंचावून भुवया वर केल्या. करू का कप्तानाला, असं ती विचारत होती.

“नेइ,” वैजू म्हणाली.

तोरुनने पुन्हा विचारलं नाही. तिने फोन खिशात टाकला. खाली भोंगा दुसऱ्यांदा वाजला, धक्क्यावरून कुणीतरी उल्हासचं नाव घेऊन हाक मारली. उल्हास खिडकीपाशी, पिशवी खांद्याला लावून, वैजूकडे बघत अजून उभाच होता.